प्राणी हक्कवाले नेमकं करतात तरी काय? उसाच्या गाडीपासून समजून घेऊ

मागच्या सीझनला फेब्रुवारीत आमच्या भागातल्या कारखान्याच्या रोडवर एक बैल बसला. चढावर गाडी वर जाईना, मागंच यायली, आणि डावीकडचा बैल गुडघ्यावर आला तो उठलाच नाही. गाडीत ऊस एवढा की मागून बघितलं तर बैल दिसतच नव्हते, नुसता उसाचा डोंगर. गाडीवानाची बायको खाली उतरून बैलाच्या तोंडावर पाणी मारायली, गाडीवान शेपूट पिरगाळायला, आणि बाजूला आठ-दहा पोरं मोबाईल काढून उभी. त्यातलं एक पोरगं म्हणलं, "पेटावाल्यांना बोलवा की, शर्यती बंद करायला बरे पळत येतेत, आता कुठं गेले?" दुसरं म्हणलं, "ते एसीत बसून कुत्र्याला बिस्कीट चारणारे लोक, त्यांना बैलातलं काय कळतंय." शेवटी चार जणांनी जू उचलून धरलं, निम्मा ऊस रोडच्या कडेला टाकला, तेव्हा कुठं बैल उभा राहिला.

पेटा म्हणजे प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणारी एक संघटना, आणि पोरं म्हणत होती त्या बैलगाडा शर्यती. मला ते बोलणं लागलं. मी गेली सहा-सात वर्षं शाळेतल्या शिकवण्यातून उरलेल्या वेळात प्राण्यांसाठीच्या ह्या कामात स्वयंसेवक म्हणून फिरते, आणि माझे आज्जी-आजोबा स्वतः कोयता घेऊन सहा सहा महिने कारखान्याला ऊस तोडायला जायचे, त्यामुळं तो गाडीवान पण माझाच आणि तो बैल पण माझाच. पण त्या पोरांची पण चूक नाही, कारण ह्या संघटना काय करतात, कशाच्या जोरावर करतात, कुठं जिंकल्या कुठं हरल्या, हे आपल्याकडं कुणी नीट सांगितलेलंच नाही. टीव्हीवर दिसतं ते एवढंच की कुणीतरी पोस्टर घेऊन उभं आहे.

आधी एक गोंधळ मिटवूया. आपल्याकडं तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकल्या जातात. एक गोरक्षण, म्हणजे गाय-बैल कत्तलीला जाऊ नयेत, त्याच्या मागं मुख्यतः धर्मभावना आहे. दुसरं प्राणी कल्याण, म्हणजे जनावराकडून काम घ्या, दूध घ्या, पण छळू नका, उपाशी ठेवू नका, आजारी पडलं तर औषधपाणी करा. तिसरं प्राणी हक्क, आणि हे सगळ्यात पुढं जातं, हे लोक म्हणतात की जनावर ही आपल्या वापरायची वस्तूच नाही, त्याचा जीव त्याचा आहे, म्हणून त्याला जुंपू नका, पिंजऱ्यात ठेवू नका, त्याच्यावर औषधं तपासू नका. आता बैलाचंच बघा. गोरक्षणवाला म्हणेल कसायाला विकू नको, कल्याणवाला म्हणेल ओझं कमी कर आणि खांद्याला मलम लाव, हक्कवाला म्हणेल बैलाच्या जागी इंजिन लाव. तिघं एकाच बैलाबद्दल बोलायलेत पण मागणी तिघांची वेगळी.

आणि तिघांपैकी कुणाकडंच सगळी उत्तरं नाहीत. 2015 पासून महाराष्ट्रात बैल कापायला पण बंदी आहे, पण म्हातारा झालेला बैल दुष्काळात सांभाळायचा कसा, चारा कुठून आणायचा, ह्याचं उत्तर त्या कायद्यात नाही. आमच्या बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद, ज्यांना सगळे शब्बीर मामू म्हणतात, त्यांनी स्वतःची परिस्थिती बेताची असताना शंभराच्या वर जनावरं सांभाळली आणि 2019 ला त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्याबद्दल लई आदर आहे. पण सगळ्या तालुक्याचे म्हातारे बैल एकट्या मामूंनी सांभाळायचे का, हा प्रश्न राहतोच.

हे सगळं सुरू कुठून झालं तर 1824 मधे लंडनला जनावरांवरची क्रूरता थांबवायला एक सोसायटी निघाली, तिचं मुख्य दुखणं गाडीचे घोडे आणि बाजारातली गुरं हेच होतं. मुंबईत तशीच सोसायटी 1874 ला आली. स्वतंत्र भारतात 1960 ला प्राण्यांना क्रूरतेनं वागवायला बंदी घालणारा कायदा झाला, तो संसदेत लावून धरणाऱ्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल, आणि 1962 ला त्या कायद्याखाली जे प्राणी कल्याण मंडळ निघालं त्याच्या पहिल्या अध्यक्ष पण त्याच. पुढं 1976 च्या घटनादुरुस्तीनं नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आली, त्यात सजीवांबद्दल दया बाळगणं हे पण एक आहे, कलम 51-क मधे. म्हणजे हे काही परदेशातून आलेलं फॅड नाही, आपल्या घटनेत लिहिलेलं आहे.

पेटा ही संघटना 1980 ला अमेरिकेत सुरू झाली आणि 2000 ला भारतात आली. तिचं नाव पहिल्यांदा झालं ते 1981 च्या एका प्रकरणानं, आणि ते सांगण्यासारखं आहे कारण आजही सगळ्या मोहिमा त्याच पद्धतीनं चालतात. अमेरिकेत सिल्व्हर स्प्रिंग नावाच्या गावात एका प्रयोगशाळेत 17 माकडं होती, त्यांच्या हाताच्या नसा कापून प्रयोग चालले होते. संघटनेच्या दोन संस्थापकांपैकी एक जण तिथं मदतनीस म्हणून कामाला लागला, महिनोन्महिने फोटो काढले, नोंदी ठेवल्या, बाहेरच्या डॉक्टरांना आणून दाखवलं आणि मग पोलिसांकडं गेला. पोलिसांनी छापा टाकला, केस उभी राहिली. आता ह्याची दुसरी बाजू पण सांगते, कारण ती लपवणं मला पटत नाही. त्या शास्त्रज्ञाला झालेली शिक्षा पुढं वरच्या कोर्टात टिकली नाही, आणि त्याच्या त्या अभ्यासातून लकवा झालेल्या माणसांचा हात परत चालता करायची एक उपचारपद्धत पण निघाली. तरी त्या माकडांना ज्या घाणीत ठेवलं होतं त्याचे फोटो खोटे नव्हते, आणि 1985 ला अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या प्राण्यांबद्दलचा कायदा कडक झाला त्याच्या मागं ह्या प्रकरणाचा मोठा हात होता.

तर पद्धत अशी. पहिलं म्हणजे पुरावा. ओरडून काही होत नाही, तारीख, वेळ, जागा, फोटो, डॉक्टरचा दाखला लागतो. पुरावा नसला की काय होतं ते आमच्याच जिल्ह्यात 2021 च्या डिसेंबरात दिसलं, माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरांनी कुत्र्याची अडीचशे पिल्लं मारली अशी बातमी देशभर काय, परदेशात पण गेली, वनविभागानं दोन वानरं पकडून नेली, आणि अडीचशेचा तो आकडा मात्र अधिकाऱ्यांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा होता. असले आकडे फिरले की खऱ्या तक्रारीवर पण लोक विश्वास ठेवेनात. दुसरं म्हणजे कायदा, कोणत्या नियमाचा भंग झाला ते बोट ठेवून दाखवायचं. आणि तिसरं, जे सगळ्यात अवघड आणि ज्याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं, ते म्हणजे त्या जनावरावर ज्याचं पोट आहे त्या माणसाला दुसरा रस्ता काढून देणं. माझा अनुभव असा की पहिल्या दोन गोष्टी करून मोहीम पेपरात येते, पण टिकते ती तिसऱ्या गोष्टीनं.

आता परत उसाच्या गाडीकडं येते.

लई जणांना माहितीच नसतं की बैलानं किती ओझं ओढायचं ह्याचा नियम 1965 पासून लिहून ठेवलेला आहे. बैल लहान, मध्यम का मोठा, गाडीला टायर आहेत का, बेअरिंग आहे का, ह्यावरून आकडा बदलतो. मध्यम बैल म्हणजे 200 ते 350 किलो वजनाचा, त्याला टायरच्या गाडीत 1050 किलो, जोडी असेल तर त्याच्या दुप्पट. रस्त्यात किलोमीटरभराचा चढ असेल आणि तो 30 मीटरला 3 मीटरपेक्षा जास्त चढत असेल तर ओझं निम्मं करायचं. दिवसात 9 तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिथं पारा 37 अंशाच्या वर जातो तिथं दुपारी 12 ते 3 जुंपायचंच नाही. आर लावलेली पराणी, म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी, काटे असलेलं जू, हे पण चालत नाही. आता सांगा, आमच्याकडं मार्च लागला की पारा कुठं असतो? आणि कारखान्याच्या गाडीतळावर, म्हणजे गाड्या थांबतात तिथं, नंबर लागेपर्यंत बैल रात्र रात्र उभे असतात ते वेगळंच.

ह्यात एक गोष्ट अशी आहे की ती मला कळली तेव्हा मी हबकलेच. दुसऱ्या कुठल्याही छळाचा पुरावा शोधावा लागतो, पण उसाच्या गाडीचं वजन कारखान्याच्या काट्यावर रोज होतं आणि पावतीवर छापून येतं, म्हणजे किती ओढायला लावलं ह्याचा लेखी पुरावा दर खेपेला तयार होतोय, तारीख-वेळेसकट. नियमात तर पोलिसांना संशय आला तर गाडी काट्यावर न्यायला लावायचा अधिकार दिलाय, आणि इथं गाडी आपल्या पायानं काट्यावर चाललेली असते.

मग तक्रार करून गाडीवानाला पकडून द्यायचं का? नाही, आणि इथंच मला आमच्या क्षेत्रातल्या काही लोकांचा राग येतो. गाडीवान एवढं का भरतो ते आधी बघा. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, बैलजोडी त्याच उचलीतून घेतलेली असते, पैसे टनावर मिळतात, आणि उचल फिटेपर्यंत घरी जायचं नाही. जेवढ्या खेपा कमी तेवढा उशीर. निम्मा ऊस खाली टाकायला लावला तेव्हा त्या दिवशीच्या गाडीवानानं मला विचारलं होतं, "ताई, ह्या निम्म्या खेपेचे पैसे कोण देतंय?" मला उत्तर देता आलं नाही. ही तीच व्यवस्था आहे जिच्यात ऊस तोडणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या 2019 ला बीडमधून आल्या आणि सरकारला समिती नेमावी लागली. बाईला सुट्टी नाही तिथं बैलाला कुठून मिळणार. बैलाचा खांदा सुजतो आणि माणसाची पाठ जाते, दोन्ही एकाच उचलीच्या दोरीला बांधलेले आहेत, आणि एकाला सोडवायचं असेल तर दुसऱ्याची गाठ पण सोडावी लागते.

म्हणून मला पश्चिम महाराष्ट्रात ॲनिमल राहत नावाची संस्था जे करते ते पटतं. 2003 पासून सांगली-सोलापूरकडं त्यांचं काम आहे. त्यांचे डॉक्टर गाडीतळावर जाऊन फुकट उपचार करतात, खांदेसूज, नालाच्या जखमा, डोळे, सगळं. सीझनला आमच्या बीडचेच गाडीवान तिकडं असतात, त्यामुळं हे आम्हाला ऐकून नाही, घरच्यांकडून माहिती आहे. त्याचबरोबर ते बैलगाड्यांच्या जागी छोटे ट्रॅक्टर यावेत म्हणून कारखान्यांशी बोलत राहतात आणि म्हाताऱ्या बैलांना निवृत्त करून सांभाळतात. म्हणजे ध्येय हक्काचं, रोजचं काम कल्याणाचं. 2022 ला इस्लामपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी गाडीच्या दांडीखाली एक जादाचं फिरतं चाक बसवून दाखवलं होतं, त्यानं जुवाचा भार बैलाच्या मानेवरून चाकावर जातो. किती साधी गोष्ट. मी ते बघितलं तेव्हा मला आजोबांचा चांद्या आठवला, त्याच्या मानेवर कायमचा टणक गोळा झाला होता आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आजोबा त्याच गोळ्यावर हळद आणि लोणी चोळत म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आम्ही लेकरं बाजूला उभी राहायचो आणि चांद्या डोळे मिटून घ्यायचा. आजोबांचं प्रेम खोटं नव्हतं, आणि तो गोळा पण खोटा नव्हता.

माणसाला दुसरा रस्ता देऊन जनावर सुटतं ह्याचं देशातलं सगळ्यात चांगलं उदाहरण अस्वलाचं. माझ्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन यायचे, लेकराला अस्वलावर बसवलं की भीती जाते म्हणायचे, आम्हाला गंमत वाटायची. अस्वलाच्या नाकातून तापलेली सळई घालून दोरी ओवलेली असते, दात पाडलेले असतात, हे तेव्हा कुणाला माहिती होतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं हे बेकायदा झालं होतं, पण पुढची तीस वर्षं चालूच राहिलं, कारण अस्वल जप्त केलं तर ठेवायचं कुठं आणि अस्वल नाचवणाऱ्या कलंदराच्या घरात चूल पेटायची कशी. वाइल्डलाइफ एसओएस ह्या संस्थेनं आग्र्याजवळ अस्वलांसाठी केंद्र उभं केलं, अस्वल देणाऱ्या कुटुंबाला धंद्यासाठी मदत दिली, रिक्षा, छोटं दुकान, बायकांना शिवणकाम, पोरांची शाळा. सहाशेच्या वर अस्वलं सुटली आणि 2009 ला रस्त्यावरचं शेवटचं अस्वल पण आलं. जप्ती आणि चुलीची सोय एका वेळी झाली म्हणून शेकडो वर्षांची प्रथा सात-आठ वर्षांत संपली.

ह्याच्या उलट बैलगाडा शर्यतीचं झालं. आमच्याकडं काही भागात शंकरपट म्हणतात. 2011 ला केंद्रानं खेळ-प्रदर्शनात वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल टाकला, त्यात आधीपासून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह होते. 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं तमिळनाडूतला बैलांचा खेळ जलीकट्टू आणि बैलगाडा शर्यत दोन्ही बंद केल्या. तो निकाल वाचण्यासारखा आहे. प्राण्याला भूक-तहानेपासून, भीतीपासून, वेदना आणि रोगापासून, ऊन-थंडीच्या त्रासापासून मोकळीक पाहिजे आणि त्याच्या जातीच्या स्वभावासारखं वागता आलं पाहिजे, ह्या पाच गोष्टी कोर्टानं मान्य केल्या. बैल हा घोड्यासारखा पळायला घडलेला प्राणी नाही, तो भीतीनं आणि दुखण्यानं पळतो, असं म्हणलं. मग 2017 ला महाराष्ट्रानं स्वतःची कायदा दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 ला शर्यतींना अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र तिघांचे कायदे वैध ठरवले. म्हणजे संघटना हरल्या.

का हरल्या? माझं मत सांगते, कुणाला पटो न पटो. शर्यतीच्या बैलाला मालक पोटच्या पोरासारखा जपतो, बदाम-दूध-अंडी चारतो, हे खरंच आहे, आणि पळवताना शेपूट चावणं, टोचणं, बॅटरीचा शॉक देणं हे पण खरंच आहे. संघटनांनी दुसरी गोष्ट कोर्टात सिद्ध केली पण पहिली गोष्ट गावात जाऊन ऐकून घेतली नाही. गावाला वाटलं शहरातले लोक आमचा सण काढून घ्यायलेत. आता शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, टोचणं-मारणं-शॉक चालत नाही, डॉक्टरचा दाखला लागतो, ह्या अटी तरी पाळल्या जातात का हे बघायला कुणी जात नाही, आणि तिथं जाणं हे आता खरं काम आहे. बंदी गेली म्हणून तोंड फिरवून बसणं मला चुकीचं वाटतं.

विश्वास गेला की काय होतं ते जुलै 2025 ला कोल्हापूरकडं अजून मोठं दिसलं. नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण, लोक तिला माधुरी म्हणतात, तिची तब्येत आणि एकटेपणाबद्दल पेटानं तक्रार केली, हायकोर्टानं आणि मग सुप्रीम कोर्टानं पण तिला गुजरातेत जामनगरच्या वनतारा ह्या प्राण्यांच्या केंद्रात न्यायला सांगितलं, आणि अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला, लोक ढसाढसा रडले. हत्ती कळपात राहणारा प्राणी, त्याला एकटं साखळीत ठेवणं त्याच्यासाठी वाईटच. 2014 ला जोतिबाच्या सुंदर हत्तीला बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट्याच्या उद्यानात नेलं तेव्हा मला पण आनंद झाला होता. पण ज्यांनी महादेवीला तीस-तीस वर्षं नैवेद्य दिला त्या लोकांना नुसता कोर्टाचा आदेश दाखवून भागत नाही.

गाढवाबद्दल तर मोर्चा पण निघत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत अजून गाढवांचा बाजार भरतो. गोदावरीच्या काठानं वाळू, वीटभट्टी, कुंभाराची माती, सगळं गाढवाच्या पाठीवर. नियमाप्रमाणं गाढवाच्या पाठीवर 50 किलो, म्हणजे सिमेंटची एक गोणी. वीटभट्टीवर किती लादतात ते जाऊन बघा. 2012 ते 2019 ह्या दोन पशुगणनांमधे देशातली गाढवं 61 टक्क्यांनी कमी होऊन सव्वा लाखाच्या आत आली, त्यात यंत्रं आली हे एक कारण आणि चीनमधे गाढवाच्या कातड्यापासून औषध बनवतात त्यासाठी चोरटा धंदा होतो हे दुसरं. आणि हे त्या गोदावरीच्या काठावर, जिथल्या पैठणच्या नाथांनी काशीहून रामेश्वराला चाललेली गंगेची कावड वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. कीर्तनात ही गोष्ट आली की आम्ही सगळे माना डोलावतो, आणि सकाळी त्याच घाटावर पाय मोडलेलं गाढव तीन पायावर उभं असतं, त्याच्याकडं कुणी बघत नाही.

कुत्र्यांचं थोडक्यात सांगते कारण त्याच्यावर भांडणं जास्त होतात. 2001 पासून नियम असा की रस्त्यावरची कुत्री मारायची नाहीत, नसबंदी आणि रेबीजची लस देऊन जिथून उचलली तिथंच सोडायची, 2023 ला नवे नियम आले तरी गाभा तोच. ज्याच्या कानाला छोटी खाच मारलेली दिसते त्याची नसबंदी झालेली असते. ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टानं आधी दिल्लीतली सगळी कुत्री उचला म्हणलं, मग दहा-बारा दिवसांतच ते बदललं, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून बाकीची लस-नसबंदी करून परत सोडा म्हणलं, आणि नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन ह्या जागी मात्र परत सोडू नका म्हणलं. माझ्या शाळेतल्या एका लेकराला कुत्रं चावलेलं आहे, त्यामुळं ती भीती मला कळते. पण नसबंदी अर्धवट केली तर काहीच उपयोग नाही, भागातल्या बहुतेक कुत्र्यांची झाली तरच संख्या उतरते, आणि आपल्या नगरपालिकांकडं त्यासाठी साधं ऑपरेशनचं केंद्र पण नसतं.

आता ती गोष्ट जिच्यामुळं हे सगळं काम जड जातं. 1960 च्या कायद्यात जनावराला मारलं, जास्त ओझं लादलं, उपाशी ठेवलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. हो, पन्नास. तीन वर्षांच्या आत परत केलं तर 25 ते 100 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. 1960 ला पन्नास रुपये म्हणजे मोठी रक्कम असेल, आज दोन वडापाव आणि चहा. त्यात बहुतेक गुन्हे अदखलपात्र, म्हणजे पोलीस नुसती नोंद घेतात, कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास पण करता येत नाही. मी एकदा एका ठाण्यात तीन तास बसले होते, शेवटी साहेब म्हणले मॅडम ह्यात काय होणार आहे सांगा, आणि मला त्यांचं चुकलं असं म्हणता येईना. जनावर मारून टाकलं किंवा कायमचं अधू केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ते वापरता येतं, पण रोजच्या छळाला ते लागू होत नाही. हा पन्नास रुपयांचा दंड वाढवा म्हणून देशभरच्या संघटनांनी मोहीम चालवली, 2022 ला सरकारनं दुरुस्तीचा मसुदा पण काढला, तो अजून कायदा झालेला नाही. माझं म्हणणं एवढंच की दंड वाढवताना गाडीवानाचा आणि कारखान्याचा दंड एकच ठेवू नका, जो ओझं ठरवतो त्याच्यावर जास्त टाका.

मोहिमांनी काय मिळालं ते पण लिहायला पाहिजे, नाहीतर वाटेल सगळं पाण्यातच गेलं. सौंदर्यप्रसाधनं प्राण्यांवर तपासायला भारतात 2014 पासून बंदी आहे, तशी तपासलेली बाहेरून आणायला पण. मुंबईतल्या घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या 2015 ला हायकोर्टानं बेकायदा ठरवल्या. संक्रांतीला पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापणारा नायलॉन मांजा 2017 ला हरित लवादानं देशभर बंद केला, विकला जातोय तरी पण निदान जप्त करता येतो. आमच्या शिरूर कासार तालुक्यातच तागडगावला सर्पराज्ञी केंद्र आहे, जखमी हरणं, मोर, घुबडं, साप तिथं नीट करून परत रानात सोडतात, माळरानावर पाण्याची टंचाई असताना हे करणं किती अवघड ते ज्यांनी तो भाग बघितलाय त्यांनाच कळेल.

रस्त्यात असा बैल बसलेला दिसला तर काय करायचं हे पण विचारतात. आधी जू मोकळं करा, बैल सावलीत घ्या, पाणी द्या पण एकदम बादलीभर नाही, थोडं थोडं. 1962 हा सरकारी फिरत्या पशुदवाखान्याचा नंबर आहे, तो लावा. रानातला प्राणी असेल तर वनविभागाचा 1926. व्हिडिओ काढायचा तर गाडीवानाच्या तोंडाचा काढू नका, जुवाचा, मानेवरच्या जखमेचा, गाडीतल्या उसाचा आणि जमलं तर काट्याच्या पावतीचा काढा.

आम्ही पाच-सहा जणांनी त्या दिवसानंतर कारखान्याकडं लेखी तीन गोष्टी मागितल्या. गाडीतळावर बैलांसाठी पाण्याचा हौद, सीझनमधे आठवड्यातून दोनदा पशुवैद्यकीय डॉक्टर, आणि त्या चढावर गाड्या ओढून द्यायला एक ट्रॅक्टर, गाडीवानाचे पैसे न कापता. अर्जावर पहिली सही त्या गाडीवानाच्या बायकोनं केली, अंगठा नाही, सही. हौद झाला, सिमेंटचा, नळ बसवलाय. डॉक्टर दर मंगळवारी येतात, दुसऱ्या दिवसाचं बोलणं चालू आहे. ट्रॅक्टर अजून मिळाला नाही, त्यामुळं चढाच्या खाली सकाळी सातपासून आमच्यातलं कुणीतरी उभं राहतं, आणि मागची गाडी आली की तिची जोडी सोडून पुढच्या गाडीला जोडायची, वर गेलं की परत आणायची, असं दोन्ही गाडीवानांना पटवून द्यायचं काम करतं.